तांबडी दोरी आणि टेरीच्या कॅसेटी

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मधे तोंड घालायला नको. मी सांगत होते, कानीकपाळी ओरडत होते की एक दिवस हे गाणं कोणाचा तरी हात खाणार. पण चौथी शिकलेल्या बाईचं ऐकतो कोण? "सू, रिलॅक्स," म्हणायचे. या देशात रिलॅक्स म्हटलं की वाद संपला असं समजतात.

मी सुमन. इथल्या लोकांनी त्याचं सू केलं. मूळची लोणंदकडची. कांद्यात जन्मले, कांद्याच्या पट्टीच्या पैशावर लग्न झालं, आणि नवऱ्याच्या मेकॅनिकच्या नोकरीमागे एवढा समुद्र ओलांडून न्यूझीलंडला आले, तर पुकेकोहेत पुन्हा कांदाच. आमच्या शेडमध्ये कांदा निवडून पोत्यात भरतात. तिथे कांद्याची सालं साचतात ना, तसे किस्से साचतात. सकाळी झाडून बाहेर काढावं तर दुपारच्या चहापर्यंत पुन्हा घोट्याएवढे. आणि त्यातले निम्मेअधिक टेरीच्या गाण्यांमुळे.

टेरी आमचा सुपरवायझर. इंग्लंडहून तरुणपणी आलेला, आता सत्तरी ओलांडलेली. कधीच रिटायर व्हायला हवा होता, पण बायको गेली आणि घरी बोलायला मांजरसुद्धा नाही, म्हणून येतो. मालक जयेशभाई काही म्हणत नाहीत.

*

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. बेल्टवरून कांदे येतात, आपण दोन्ही बाजूंना उभं राहायचं, सडका, मोड आलेला, फाटका उचलून खाली टाकायचा. कांदे चालतात, आपण उभे. वर छताला दोन कर्णे आहेत, त्यातून दिवसभर रेडिओ. त्या दिवशी टेरीने रेडिओ बंद केला आणि स्वतःची कॅसेट लावली.

आधी लग्नाच्या बँडमधला तो मोठा भोंगा वाजला. मग एक माणूस गायला लागला, पण असा आवाज लावून, की जणू कोणाच्या तरी निधनाची बातमी देतोय. मधेच बदक ओरडलं. मग कोणीतरी तालात लाकूड कापलं. मग जिन्यावरून पियानो गडगडत खाली यावा तसा आवाज, आणि सगळं शांत झाल्यावर तोच माणूस अगदी अदबीने म्हणाला, "थँक यू."

मी हातमोजा काढला, कोपऱ्यात गेले आणि टेपरेकॉर्डरला एक चापट मारली. आमच्या घरी टेप अडकली की असंच करायचो.

टेरी धावत आला. "काय झालं, लव?" तो सगळ्याच बायकांना लव म्हणतो. त्याचं मनावर घ्यायचं नसतं.

"टेप गुंतली," मी म्हटलं.

"नाही, ते तसंच आहे."

"मग दुकानदाराने फसवलं तुला."

"अगं, साठ वर्षं होत आली हे गाणं येऊन."

"मग आता तो परतही घ्यायचा नाही."

*

बेल्टच्या वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तांबडी दोरी ताणलेली आहे. काही अघटित घडलं तर ती ओढायची. ओढली की सगळं जागच्या जागी थांबतं. पहिल्याच दिवशी दाखवतात आणि वर सांगतात, उगाच हात लावायचा नाही.

एके सकाळी मी मोड आलेले कांदे वेचत होते आणि एकदम घंटा वाजली, बाई किंचाळली, आणि बशांचा ढीगच्या ढीग फुटला. मी दोरी ओढली. बेल्ट थांबला, रोलर थांबले, कांदे थांबले. जयेशभाई ऑफिसातून चहाचा कप घेऊन पळत आले. निम्मा चहा शर्टावर.

"कोणाला लागलं?"

"बशा फुटल्या," मी म्हटलं.

"कुठे?"

आता सगळे माझ्याकडे बघत होते. टेरी कॅसेटचं कव्हर तोंडापुढे धरून हसत होता.

"गाण्यात," मी म्हटलं.

*

आमच्याकडे निवडायच्या मशीनला कॅमेरा आहे. तो कांद्याचे फोटो काढतो आणि लहान-मोठा वेगळा करतो. त्या कॅमेऱ्याचा कॉम्प्युटर बघायला निनाद आहे, पुण्याचा इंजिनीअर. काचेच्या केबिनमध्ये बसतो, मला काकू म्हणतो, आणि काहीही विचारलं की आधी चष्मा वर सरकवतो.

स्मोकोला, म्हणजे दहाच्या चहाला, मी त्याला विचारलं, "निनाद, टेरी सारखं लावतो ते कपाटाचं गाणं काय आहे रे? नीट सांग."

त्याने चष्मा सरकवला. "एका सद्गृहस्थाचं कपाटावर प्रेम बसतं. चर्चमध्ये लग्न लागतं. पाद्री कपाटाला विचारतो, तुला हा नवरा मान्य आहे का? सगळे थांबतात. बँड पण थांबतो. बराच वेळ काही नाही. मग कपाटाचं दार करकरतं आणि लोक टाळ्या वाजवतात."

"बरं, आणि?"

"आणि काही नाही. मुलाची आई म्हणते, मुलगी जरा उंच आहे."

"याचा अर्थ काय?"

"काकू, याला ॲब्सर्ड म्हणतात. साठच्या दशकात तिकडे हे फार चाललं. अर्थ नसणं हीच त्यातली गंमत."

"अर्थ नाही तर तू एवढा घसा कशाला कोरडा करतोस? चहा पी."

बेल्टवर परत आले. तासभर झाला असेल. हात चालू होते, डोकं रिकामं होतं. आणि मला माझं लग्न आठवलं. वडिलांनी मला लोखंडी कपाट दिलं होतं, आरशाचं. टेम्पोत कपाट पुढे उभं केलं होतं, माणसं मागच्या गाडीत. सासरच्या दारात टेम्पो थांबला तर सगळी आळी कपाटाभोवती. कोणी दार उघडून बघतंय, कोणी बोटाने ठोकून पत्रा बघतंय. सासूबाई म्हणाल्या, "उंच आहे, आत जाईल ना?" मी मागे शालू सावरत उभी. अर्ध्या तासाने कोणाला तरी आठवलं की नवरी पण आली आहे.

मला हसू फुटलं. साधंसुधं नाही, पोट धरून. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. समोर मेले नावाची बाई उभी असते, टोंगा बेटांवरची, माझ्या दुप्पट अंगाची आणि माझ्या चौपट मायेची. ती म्हणाली, "कांदा झोंबला का, सू?"

"नाही गं," मी म्हटलं. "माझ्या लग्नाचं गाणं लावलंय."

तेव्हापासून मी ऐकायला लागले. आमच्याकडे भारुडात नाही का, होणार नाही ते सगळं होतं आणि सांगणारा तोंड इतकं गंभीर करून सांगतो की आपण मान डोलवतो. हे त्याच जातीचं. फक्त सूट घालून.

*

दिवाळीनंतर आम्ही हॅमिल्टनला गेलो होतो, रोटोटुनात, नवऱ्याच्या ओळखीच्या एका साहेबांकडे. मराठी मंडळी जमली होती. सगळे आयटीतले नाहीतर इंजिनीअर. घर असं स्वच्छ की चकली कुठे खावी ते कळेना. जेवणानंतर कोणीतरी काढलं, प्रत्येकाने सध्या काय ऐकता ते सांगायचं. कोणी नाट्यसंगीत म्हणालं, कोणी गझल, एक ताई म्हणाल्या की त्या फक्त सकाळचे राग ऐकतात. सकाळीच.

माझी पाळी आली. नवऱ्याने माझ्या पायावर पाय दिला. मी म्हटलं, "मी कपाटाशी लग्न करणाऱ्या माणसाचं गाणं ऐकते," आणि सगळं सांगितलं. पाद्री, करकरणारं दार, सगळं.

खोलीत अशी शांतता पसरली की स्वयंपाकघरातला फ्रीज ऐकू यायला लागला. सकाळच्या रागवाल्या ताई म्हणाल्या, "अय्या, किती वेगळं." वेगळं म्हणजे काय ते मला चांगलं कळतं.

कोपऱ्यात साहेबांचे वडील बसले होते. नाशिकचे, सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले. संध्याकाळपासून एक शब्द बोलले नव्हते, मुलगा सारखा विचारत होता, बाबा पाणी हवंय का, बाबा शाल हवीय का. ते एकदम पुढे वाकले.

"मग पुढे? मुलंबाळं झाली का त्यांना?"

"झाली ना," मी म्हटलं. "दोन स्टुलं."

म्हातारबाबा जे हसायला लागले ते थांबेनात. मुलगा धावला, "बाबा, बीपी, बाबा!" आणि ते हाताने त्याला बाजूला सारून मला विचारताहेत, "आणि स्टुलं कोणावर गेली हो?"

परत येताना गाडीत माझी मुलगी म्हणाली, "आई, दॅट वॉज सो एम्बॅरसिंग." ती मराठी सगळं समजते, उत्तर इंग्रजीतच देते. तेवढ्यात नवरा गाडी चालवता चालवता हळूच म्हणाला, "आईवर गेली असतील. वडील बसू देत नसतील कोणाला."

*

इथवर सगळं ठीक होतं. मग टेरीने बर्ट्रम आणला.

हे दुसरं गाणं. बर्ट्रम नावाचा एक सभ्य गृहस्थ टाउन हॉलच्या गोल फिरणाऱ्या दारात अडकतो. बाहेर बँड वाजतोय. दार फिरतंय, बर्ट्रम फिरतोय, आणि दर फेरीला ओरडतोय, "स्टॉप द थिंग! आय से, स्टॉप द थिंग!" बाहेर त्याची बायको चहा पीत बसली आहे. ती दर वेळी शांतपणे म्हणते, "नॉट टुडे, बर्ट्रम." बस. एवढंच गाणं. दर फेरीला बँड जोरात होत जातो आणि बर्ट्रमचा आवाज वर वर जातो.

मेलेला ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी बायकोची ओळ तिने म्हटली. मेलेचा आवाज चर्चमध्ये कमावलेला, शेडचे पत्रे हलले. तिसऱ्या दिवशी अख्खी शेड म्हणायला लागली. वर कर्ण्यातून, "स्टॉप द थिंग!" की खाली सगळे एका सुरात, "नॉट टुडे, बर्ट्रम!" आणि बेल्टच्या पत्र्यावर हाताने धाड. मग मागणीच सुरू झाली. काम कंटाळवाणं झालं की कोणीतरी ओरडायचं, "टेरी, बर्ट्रम!" निनादसुद्धा केबिनचं दार उघडून तेवढी ओळ म्हणायचा आणि पुन्हा दार लावायचा. सगळ्यांचे चेहरे फुललेले. हातही झपझप चालायचे, ते मी नाकारत नाही.

मी एकटी म्हणायची नाही. मी खाली मान घालून कांदे वेचायची.

का ते सांगते. माझा धाकटा भाऊ, दत्ता. कडबा कापायच्या कुट्टीच्या मशीनवर होता, गोठ्यात. समोरच्या गल्लीत वरात चालली होती, बँड जोरात. दत्ताचा हात कुट्टीत गेला. तो ओरडला, "बंद करा, बंद करा!" वरातीतल्या लोकांनी त्याला बघितलं. त्यांना वाटलं नाचतोय. त्यांनी हात हलवले त्याला. एकाने तर शिट्टी मारली. दोन बोटं गेली. आई घरातून आली तेव्हा मशीन बंद झालं.

म्हणून बँड वाजायला लागला आणि त्यात माणूस ओरडायला लागला की मला ते गाणं वाटत नाही. मी काय करू?

एक दिवस बर्ट्रम चालू होता, तो शेवटच्या फेरीला असा कळवळून ओरडला की माझा हात आपोआप वर गेला आणि मी दोरी ओढली. बेल्ट थांबला. बँड चालूच.

जयेशभाई आले. ते इथेच जन्मलेले, आजोबांनी इथे भाजी लावली तेव्हापासूनचं घर. घरात गुजराती, बाहेर इंग्रजी. तसे भले माणूस, पण ट्रक दारात उभा असला की त्यांचं भलेपण कमी होतं.

"सुमनबेन, आता कोण?"

"बर्ट्रम," मेले म्हणाली आणि सगळ्या शेडला हसू फुटलं.

जयेशभाई हसले नाहीत. "हे बघा. गाण्यासाठी पुन्हा एकदा दोरी ओढलीत तर मी तुम्हाला शेतात पाठवीन. बाहेर. कांदे उपटायला."

शेतात म्हणजे चिखल, वारा, आणि दिवसभर वाकून. माझे गुडघे त्यांना माहीत होते. म्हणूनच म्हणाले.

मी म्हटलं, "भाई, एक दिवस कोणीतरी खरंच ओरडेल आणि हे सगळे गातील."

"कोणाला कळणार नाही का, खरं कोणतं ते?" निनाद म्हणाला. "काकू, तुम्ही उगाच टेन्शन घेता."

*

त्या दिवशी काम सुटल्यावर टेरी माझ्या शेजारी बाकावर येऊन बसला. मी बूट काढत होते.

"तुला ते आवडत नाही," तो म्हणाला.

"कपाट आवडतं. बर्ट्रम नाही."

त्याने वाकून स्वतःच्या बुटांवरची सालं झटकली. मग स्वतःहून सांगायला लागला. त्याचे वडील बँकेत काउंटरवर होते. घरात नियम, बूट चकचकीत आणि तोंड बंद. गल्लीतलं प्रत्येक घर तसंच. लढाई होऊन गेलेली, सगळी मोठी माणसं गंभीर, मुलांना सारखं एकच सांगणं, शहाण्यासारखा वाग. आणि मग ही गाणी गाणारी पोरं आली. वडिलांचे जुने सूट घातलेली, भंगारातून भोंगे आणलेली, आणि ते मुद्दाम चुकीचे वाजवायची. चेहरा मात्र बँक मॅनेजरचा.

"माझा बाप कधी हसायचा नाही," टेरी म्हणाला. "मी रेकॉर्ड लावून खोलीबाहेर गेलो, त्याला वाटलं मी घरातूनच गेलो. मी जिन्यावर होतो. दाराच्या फटीतून बघितलं. बर्ट्रम तिसऱ्यांदा ओरडला आणि माझा बाप हसला. मग त्याने इकडे-तिकडे पाहिलं, कोणी बघितलं तर नाही ना म्हणून."

मग मी त्याला दत्ताचं सांगितलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत. कुट्टीला काय म्हणतात मला येत नव्हतं, मी हाताने दाखवलं. वरात कशी ते सांगितलं. लोकांनी हात हलवले, ते पण हात हलवून दाखवलं.

टेरीने माझ्या हलणाऱ्या हाताकडे पाहिलं. उठला, टेपरेकॉर्डरमधून बर्ट्रमची कॅसेट काढली आणि शर्टाच्या खिशात घातली.

"बेल्ट चालू असताना बर्ट्रम नाही," तो म्हणाला. "माझा शब्द."

आणि पाळला त्याने. चहाच्या सुट्टीतसुद्धा लावला नाही.

शेडने काय केलं? माझ्याशी बोलणं टाकलं. मेले आठवडाभर माझ्याकडे बघेना. बेल्टवर समोरासमोर उभं राहून न बघणं किती अवघड असतं, पण तिने ते जमवलं. कोणीतरी माझ्या लॉकरवर कागदावर चेहरा पाडलेला कांदा काढून चिकटवला. मी तो तिथेच राहू दिला. चांगला काढला होता.

*

आता तो दिवस.

गाणं नव्हतं. मी पुन्हा सांगते, गाणं नव्हतं. कर्ण्यातून रेडिओवरची बाई हवामान सांगत होती, वायकाटोकडे पाऊस, दुपारनंतर वारा. टेरी लांबच्या टोकाला होता, जिथे पोती भरतात. तिथल्या रोलरमध्ये पोत्याची जाळी गुंतते, दिवसातून दहादा. ती काढायला आधी मशीन बंद करायचं असतं. ट्रक दारात उभा असला की कोणी करत नाही. ट्रक दारात उभा होता.

आणि त्या टोकाकडून आवाज आला.

"स्टॉप द थिंग!"

तोच इंग्रजी उच्चार. तोच कळवळा. साठ वर्षं ते गाणं ऐकलेला माणूस, अडचणीत सापडल्यावर त्याच्या तोंडून दुसरं काय येणार?

शेड एक क्षण थबकली. मग सगळ्यांचे चेहरे असे उजळले, की जणू दिवाळी. सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याने सूमुळे घातलेली बंदी मोडली. कॅसेट नाही तर काय झालं, स्वतःच सुरू झाला. मेलेने मान मागे टाकली आणि लावला सूर.

"नॉट टुडे, बर्ट्रम!"

अख्खी शेड. पत्र्यावर धाड.

"स्टॉप द थिंग! प्लीज!"

"नॉट टुडे, बर्ट्रम!"

गाण्यात प्लीज नाही. मी ते गाणं कितीदा ऐकलं, बर्ट्रम कधीच प्लीज म्हणत नाही. मी ओरडले, "अरे खरं आहे, खरं आहे, थांबवा!" घाबरल्यावर कुठलं इंग्रजी, मराठीतच ओरडले. मेले माझ्याकडे बघून आनंदाने हसली, आठवड्याभरात पहिल्यांदा. तिला वाटलं मी पण आले यांच्यात. निनादने केबिनमधून डोकं बाहेर काढलं. त्याला तर मराठी कळतं. तो म्हणाला, "काकू, आज तुम्ही पण? मस्त!"

त्या टोकाला टेरीचा एक हात वर होता. हलत होता. आणि पोती भरणाऱ्या दोघी त्याला हात हलवून उत्तर देत होत्या.

शेत आठवलं, जयेशभाई आठवले, गुडघे आठवले. पण हात तोवर दोरीला पोचला होता. मी अशी लटकले तिला, की दोरी खाली येते का मी वर जाते ते कळेना.

सगळं थांबलं. हसणं तेवढं थोडं पुढे गेलं, मग तेही थांबलं. कोणीतरी म्हणालं, "सू, नॉट अगेन."

मग त्या शांततेत, लांबच्या टोकाकडून, अगदी अदबीने आवाज आला.

"थँक यू."

*

हात वाचला. दोन बोटं मोडली, पंजाची सालपटं निघाली, कोपरापर्यंत प्लॅस्टर. डॉक्टर म्हणाले, रोलर आणखी दोन फेऱ्या फिरला असता तर वेगळं बोलावं लागलं असतं. हे मला निनादने सांगितलं. सांगताना चष्म्याला हात लावला नाही.

मला कोणी शेतात पाठवलं नाही. माझी माफीही कोणी मागितली नाही, पण लॉकरवरचा कांदा गेला.

पुढच्या सोमवारी जयेशभाईंनी सगळ्यांना चहाच्या खोलीत बसवलं. सरकारी सेफ्टीवाली बाई येऊन गेली होती, पुन्हा येणार होती, आणि तिला उत्तर द्यायचं होतं. एवढा माणूस ओरडत होता आणि कोणी थांबवलं का नाही? जयेशभाईंचा चेहरा उतरलेला. त्यांना एक नाव हवं होतं. एक नाव मिळालं की बाकीचे मोकळे.

सगळे कपात बघत होते.

मेले माझ्या शेजारी होती. तिचा व्हिसा सीझनचा. मालकाने नाही म्हटलं की पुढच्या विमानाने टोंगा. तिकडे आई, तीन मुलं, आणि अर्धं झालेलं घर. ती हळूच माझ्या कानात म्हणाली, "मीच सुरू केलं, सू. ओळ माझी होती. मी सांगते." आणि उठायला लागली. मी तिचं मनगट धरलं आणि खाली बसवलं. तेवढं मनगट माझ्या मुठीत मावत नाही, पण धरलं.

जयेशभाईंनी ते बघितलं. "सुमनबेन, दोरी तुम्हीच ओढलीत. तुम्ही आधीपासून सांगत होता, ते खरं. आता सांगा. पहिला आवाज कोणाचा?"

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. इतके दिवस मी सांगत होते तेव्हा कोणाला ऐकायचं नव्हतं. आता माझा शब्द प्रत्येकाला हवा होता. मेलेचं मनगट मी अजून सोडलं नव्हतं.

"माझं लक्ष हवामानाकडे होतं," मी म्हटलं.

"सुमनबेन."

"वायकाटोत पाऊस होता. एवढंच ऐकलं."

तेवढ्यात दार उघडलं. टेरी. कोणी त्याला बोलावलं नव्हतं, डॉक्टरने घरी झोपायला सांगितलेलं. प्लॅस्टर गळ्यात बांधलेलं, दाढी वाढलेली, पण बूट चकचकीत. कोणीतरी खुर्ची पुढे केली, तो बसला नाही. जयेशभाई उठून उभे राहिले.

"टेरी, हात तुझा गेला असता," ते म्हणाले. "तूच सांग. मला त्या बाईला एक नाव द्यायचं आहे. दोष कोणाचा?"

टेरीने सावकाश सगळ्यांकडे पाहिलं. निनादकडे. पोती भरणाऱ्या दोघींकडे. मेलेकडे जरा जास्त वेळ. मग माझ्याकडे. मी मान हलवली नाही, काही नाही. त्याने बँक मॅनेजरसारखा चेहरा केला, घसा साफ केला, आणि म्हणाला,

"बर्ट्रम."